घोड्याची पाठ आणि स्वाराची पाठ

दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो आणि त्यानंतरचे काही आठवडे माझ्या दवाखान्यात ठराविक प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. नवा घोडा घेतलेले हौशी तरुण, वरातीची घोडी सांभाळणारे व्यावसायिक, शेतीबरोबर शौकाने एखादे जनावर ठेवणारे वडीलधारे. तक्रारी साधारण सारख्याच असतात. कंबर धरली, मान आखडली, मांड्या भरून आल्या, पडून मनगट दुखावले. मी स्वतः गेली अनेक वर्षे एक घोडी सांभाळून आहे, हे ठाऊक असल्याने ही मंडळी मोकळेपणाने प्रश्न विचारतात. त्या सर्वांना एकत्र उत्तर द्यावे म्हणून आजचा लेख.

सांगायचे ते थोडक्यात असे की, घोड्याची पाठ सुदृढ ठेवणारी जी शिस्त आहे, तीच स्वाराचीही पाठ सांभाळते. या शिस्तीला ड्रेसेज म्हणतात.

ड्रेसेज म्हणजे काय?

हा शब्द फ्रेंच भाषेतला. त्याचा मूळ अर्थ शिकवून तयार करणे. स्पर्धेत २० मीटर रुंद व ६० मीटर लांब अशा सपाट मैदानात घोडा व स्वार ठरवून दिलेल्या हालचाली करतात. सरळ चालणे, नेमके वर्तुळ काढणे, तिरके सरकणे, चालीतून चालीत जाणे, चारही पाय सारखे ठेवून थांबणे. प्रत्येक हालचालीला परीक्षक शून्य ते दहा गुण देतात. इथे वेगाला किंमत नाही. स्वार काही करतो आहे असे दिसू नये आणि घोडा खुशीने चालावा, हे खरे कौशल्य.

ही विद्या जुनी आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक लेखकाने अश्वशिक्षणावर ग्रंथ लिहिला आणि घोड्याला रागाने वागवू नये असे त्यात बजावले. ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार १९१२ पासून आहे. आपल्याकडे तो फारसा कोणाला ठाऊक नव्हता. पण २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह व सुदीप्ती हजेला यांच्या संघाने ड्रेसेजचे सुवर्णपदक जिंकले. घोडेस्वारीत भारताला मिळालेले हे ४१ वर्षांनंतरचे सुवर्ण. यांतील सुदीप्ती तर आपल्या शेजारच्या इंदूरची.

मी हे शिकलो ते पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेत असताना, घोडदळातून निवृत्त झालेल्या एका दफेदारांकडे. पहिले तीन महिने त्यांनी मला रिकीब दिली नाही आणि लगामही हाती दिला नाही. घोडा दोरीवर गोल फिरायचा आणि मी नुसता बसायचा. नीट बसणे हेच निम्मे शिक्षण, असे ते म्हणत. डॉक्टर झाल्यावर त्याचा अर्थ अधिक कळला.

घोडेवाल्याचा दिवस

घोडा पाळणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची आठवण करून द्यावी लागत नाही. पहाटे पाचला पागेत जावे लागते, मग थंडी असो की पाऊस. दिवसाकाठी पंधरा-वीस किलो लीद काढायची, तीस-चाळीस लिटर पाणी भरायचे, अंगावर खरारा करायचा, चारही खूर उचलून स्वच्छ करायचे. मोतद्दार असला तरी मालकाने निदान सकाळचा खरारा स्वतः करावा. हाताखाली सूज, गरमपणा, जखम लगेच कळते.

मात्र ही कामे चुकीच्या रीतीने केल्यास पाठीला इजा होते. खूर साफ करताना कंबरेतून न वाकता गुडघे व खुबे दुमडून खाली जावे आणि पाठ सरळ ठेवावी. पाण्याची एक जड बादली उचलण्याऐवजी दोन अर्ध्या बादल्या दोन हातांत घ्याव्यात. कुट्टीची धूळ छातीला बाधते, घोड्याच्याही आणि आपल्याही. चारा थोडा ओलसर करून द्यावा व झाडताना नाकातोंडावर रुमाल बांधावा.

चंदीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकता येत नाही. एकदम भरपूर हरभरा घातला तर पोटशूळ उठून जनावर दगावू शकते. चंदी थोडी थोडी, अनेक वेळा द्यावी आणि कडबा व गवत दिवसभर समोर असावे.

घोड्याची पाठ

घोडा ओझे वाहण्यासाठी जन्मला आहे, ही समजूत बरोबर नाही. आपल्यासारखे गळ्याजवळचे हाड घोड्याला नसते. त्याचे धड पुढच्या दोन पायांमध्ये झोळीसारखे केवळ स्नायूंच्या आधाराने टांगलेले असते. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर पडतो. त्यात पाठीवर माणूस बसला की पाठ खाली दबते. पोटाचे व पाठीचे स्नायू बळकट नसतील तर काही वर्षांत पाठ दुखू लागते आणि पुढचे पाय लंगडू लागतात.

ड्रेसेजची सारी मेहनत यासाठीच आहे. वर्तुळे, तिरकी चाल, चाल बदलणे या व्यायामांनी घोडा मागचे पाय पोटाखाली घेऊ लागतो, पोट आवळतो, पाठ उचलतो आणि भार मागे नेतो. हे एक प्रकारचे फिजिओथेरपीच आहे. घाई करून चालत नाही. स्नायू तयार व्हायला महिने लागतात, वरच्या दर्जाच्या हालचालींना कित्येक वर्षे.

यात्रेत व वरातीत घोडी नाचवतात, तिथे बहुधा उलटे घडते. लगाम जोरात खेचून मान वर केली जाते, पाठ खोलगट होते आणि दुखापतीच्या भीतीने जनावर पाय उचलते. काहींच्या तोंडात अजूनही काटेरी लगाम दिसतो. जीभ व ओठांचे कोपरे फाटलेली घोडी मी पाहिली आहेत. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली १९६५ साली झालेल्या नियमांनुसार काटेरी लगामाला बंदी आहे. तो आजच काढून टाकावा. गुळगुळीत लगामावर शिकलेले जनावर जास्त वर्षे काम देते, हा मालकाचाही फायदाच आहे.

वजनाचाही हिशेब करावा. खोगिरासह स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नसावे. घोडी ३५० किलोची असेल तर मर्यादा ७० किलोची.

स्वाराची पाठ

आता आपल्याकडे वळू. घोडा कदम चालीने चालतो तेव्हा स्वाराची कंबर पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे अशी हलते. माणूस स्वतः चालताना कंबर जवळजवळ अशीच हलते. त्या हालचालीबरोबर तोल सांभाळताना पोटाचे व पाठीच्या कण्यालगतचे खोल स्नायू सतत काम करतात. कंबरदुखीच्या रुग्णाला आम्ही हेच स्नायू बळकट करण्यास सांगतो.

याचे मोठे उदाहरण डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंचे. १९४४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, गर्भवती असताना त्यांना पोलिओ झाला. पुढे गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे राहिले. घोड्यावर चढवायला व उतरवायला माणसे लागत. तरीही जुबिली नावाच्या घोडीवर बसून त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या बरोबरीने ड्रेसेजचे रौप्यपदक मिळविले आणि १९५६ मध्ये पुन्हा तेच पदक घेतले. टाच मारता येत नव्हती, म्हणून त्या वजनाने व पाठीने घोडीशी बोलत. त्यानंतर अपंग व्यक्तींसाठी उपचार म्हणून घोडेस्वारी युरोपात पसरली आणि १९९६ पासून पॅरालिम्पिकमध्ये ड्रेसेजचा समावेश झाला.

बसण्याची रीत अशी. बाजूने पाहिले तर कान, खांदा, खुबा व टाच एका उभ्या रेषेत यावीत. दोन्ही बैठकीच्या हाडांवर सारखे वजन असावे. गुडघे आवळू नयेत. आवळले की कंबर ताठ होते आणि दुडकी चालीचा प्रत्येक हिसका सरळ मणक्याला बसतो. लगाम धरून तोल सांभाळू नये. सुरुवातीस रोज वीस मिनिटे कदम चालीवरच बसावे आणि श्वास रोखू नये.

ड्रेसेजचे वेड मला लागले ते या श्वासामुळेच. एखाद्या सकाळी दुडकीत असताना मी सावकाश श्वास सोडतो, पोट किंचित आवळतो, आणि घोडी जागच्या जागी थांबते. लगाम हातात सैलच असतो. त्या वेळी होणारा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. दिवसभराच्या रुग्णांना सामोरे जाण्याचे बळ मला तिथून मिळते.

मात्र प्रत्येकाने घोड्यावर बसावे असे मी म्हणणार नाही. कंबरेतून पायात कळ किंवा बधिरपणा येत असल्यास, हाडे ठिसूळ झाली असल्यास, फिट्स आटोक्यात नसल्यास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास किंवा गर्भारपणी स्वारी टाळावी. शंका असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

धनुर्वात विसरू नका

या आजारात स्नायूंच्या झटक्यांनी पाठ धनुष्यासारखी वाकते, म्हणून हे नाव. त्याचे जंतू लिदीत व मातीत असतात, तेव्हा पागेतली लहानशी जखमही धोक्याची. वरातीची घोडी सांभाळणाऱ्या एका गृहस्थांच्या तळपायात नालेचा खिळा गेला. त्यांनी हळद दाबून काम चालू ठेवले. नवव्या दिवशी जबडा उघडेना, घास गिळवेना. त्यांना तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठविले. कित्येक आठवडे अतिदक्षता विभागात काढून ते वाचले; पण घोडी विकावी लागली आणि डोक्यावर कर्ज राहिले. लस वेळेवर घेतली असती तर हे सारे टळले असते.

लहानपणीचे डोस पूर्ण झालेल्यांनी दर दहा वर्षांनी टीडी लस घ्यावी. जखम मातीची वा लिदीची असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल तर लगेच घ्यावी. कधीच लस घेतली नसेल तर तीन डोस लागतात आणि घाण जखमेनंतर तयार प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. एकदा धनुर्वात झाला म्हणून पुन्हा होत नाही असे नाही. बऱ्या झालेल्यानेही लस घ्यावी. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. हळद, शेण, राख काहीही भरू नये. घोड्यालाही हा आजार चटकन होतो. त्याची लस पशुवैद्यकांना विचारून द्यावी.

आणखी चार सूचना

१) घोड्यावर बसताना स्वारीचे हेल्मेट घालावे व पट्टा बांधावा. फेट्याने डोके वाचत नाही. लहान मुलाला हेल्मेटशिवाय मुळीच बसवू नये.

२) पडून डोक्याला मार लागल्यास, उलटी, झोपाळूपणा किंवा तीव्र डोकेदुखी असल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. मानेला मार बसला असेल तर माणसाला उचलून बसवू नये.

३) टाच असलेले बूट घालावेत. सपाट चप्पल रिकिबीत अडकून माणूस फरफटत जातो.

४) घोड्याच्या नाकातून चिकट स्राव आणि अंगावर गाठी दिसल्यास तो ग्लँडर्स असू शकतो. हा रोग माणसालाही होतो. जनावर वेगळे बांधून शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

घोडा घेताना आपण रंग, भोवरा, चाल सारे पारखून घेतो. त्याबरोबरच आपले स्वतःचे वजन, आपली कंबर आणि आपल्या लसीची तारीखही एकदा तपासावी. ज्यांच्या घरी घोडे आहेत त्यांनी या आठवड्यात निदान दोन कामे करावीत : जनावराच्या तोंडातला लगाम बोटाने चाचपून पाहावा आणि घरातील प्रत्येकाने धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते लिहून ठेवावे.