चिंचोक्यांची बरणी

बक्षीस देऊन वाचायला लावणं म्हणजे लाच देणं का, असं विचारत होतीस ना? अगं, दे खुशाल. नांदेडचं हे ऊन, दुपारी उंबऱ्याबाहेर पाय टाकता येत नाही, कूलरपुढं आडवी पडलेली दोन लेकरं आणि तुझा कुरडयांचा चीक चुलीवर. अशात ‘वाचनाची गोडी आपोआप लागते’ असं कुणी सांगायला आलं, तर त्याला चीक घोटायला बसव.

फक्त बक्षीस कुणाला आणि कशाबद्दल, ते नीट बघ. मी एका सुट्टीत पुस्तकामागं दहा रुपये लावले होते. आमच्या बाईसाहेबांनी घरातली सगळ्यात पातळ पुस्तकं हुडकली, आरत्यांचं पुस्तकसुद्धा हिशेबात धरलं! पैसे देताना मलाच हसू आवरेना.

खरं सांगू का, पैशानं काहीच होत नाही असंही नाही. अमेरिकेत डॅलसच्या शाळांमध्ये रोलंड फ्रायर या अर्थतज्ज्ञानं दुसरीच्या मुलांना पुस्तकामागं दोन डॉलर दिले. अट एवढीच की पुस्तकावरच्या प्रश्नांची उत्तरं आली पाहिजेत. त्या मुलांना वाचलेलं जास्त समजायला लागलं. पण 1973 सालचा दुसरा एक प्रयोग बघ. बालवाडीतल्या ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडायचं, त्यांना ‘काढलंत तर प्रमाणपत्र देऊ’ असं आधीच सांगितलं. पुढं त्याच मुलांचं चित्रांवरचं मन कमी झालं. ज्यांना काही न सांगता नंतर प्रमाणपत्र मिळालं, त्यांचं मात्र झालं नाही.

म्हणून म्हणते, तुझी थोरली आपण होऊन वाचते ना? तिच्या वाचनाला भाव लावू नकोस. कधीतरी अचानक एखादं नवं पुस्तक तिच्या उशाशी ठेव, बास. आमिष हवंय ते धाकट्याला. आता म्हणशील, ‘ताई, त्याला मिळालं की ही रुसणार.’ रुसणारच गं! त्यावर तोड म्हणजे बरणी एकच ठेवायची. पंधरा मिनिटं वाचलं की एक चिंचोका, मग ते कुणीही वाचो. आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं तर दोन. बरणी भरली की बक्षीस सगळ्या घराला: गच्चीवर अंथरुणं टाकून उशिरापर्यंत गप्पा, नाहीतर वजिराबादला जाऊन ज्याच्या त्याच्या आवडीचं पुस्तक. थोरली मग धाकट्याच्या मागं लागते, तुला ओरडावं लागत नाही.

आणि वाचून झाल्यावर परीक्षा घेऊ नकोस बाई. आम्हा लातूरकरांना तर ही खोडच आहे, लेकराच्या हातात पुस्तक दिसलं की आमच्या डोक्यात सराव प्रश्नपत्रिका! गोष्टीत पुढं काय झालं, एवढं आजीनं विचारलं की पुरे. तिला खरंच ऐकायचं असतं, हे लेकरांना बरोबर कळतं.

पुस्तकांवर फार खर्च करू नकोस. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मोबाईल सुटत नाही म्हणतेस ना, मग त्याच्यावर निदान हे तरी उघडून दे. थोरलीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, धाकट्याला माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तकं. चित्रं बघत बसला तरी चिंचोका द्यायचा, त्यात कंजूषपणा नको. शिवाय आपल्याकडं 1967 च्या कायद्यानं मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं गावोगावी आहेत. ऊन उतरलं की दोघांना घेऊन जा, नाव नोंदव, आणि काय घ्यायचं ते त्यांनाच ठरवू दे. भुताच्या गोष्टी उचलल्या तर नाक मुरडू नकोस.

चार दिवस कुणी पुस्तकाला हात लावला नाही, तरी जीव टांगणीला लावू नको. आंबे आले, मामाकडं गेली, लग्नसराई निघाली, असं होतंच. टाकलेले चिंचोके तेवढे परत काढायचे नाहीत. आणि हो, लोणच्याची मोठी बरणी घेऊ नकोस. छोटीच घे, म्हणजे पहिल्या आठवड्यातच भरेल.