चालू की उचलू?

प्रश्न : माझं वय ४४, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७४ किलो. गेले सहा महिने रोज सकाळी तासभर चालते. पाऊस असला तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारते. पहिल्या तीन महिन्यांत चार किलो उतरलं, मग काटा जागचा हलेना. जिममधला ट्रेनर म्हणतो, "मॅडम, चालून काही होत नाही, वेट मारा." मैत्रीण म्हणते, चालणं सोड, धावायला लाग. आणि हे म्हणतात, वजनं उचललीस तर पैलवान दिसशील. माझ्याकडे रोजचा एकच तास आहे. त्यात नेमकं काय करू? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या ट्रेनरचं अर्धं बरोबर आहे, मैत्रिणीचंही अर्धं बरोबर आहे, आणि यजमानांचं पूर्ण चूक. त्यांच्याकडे शेवटी येतो.

ट्रेनर म्हणतो तसं "चालून काही होत नाही" असतं, तर तुमचे ते चार किलो कुठे गेले? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात हीच कुस्ती मुद्दाम लावून पाहिली होती. निष्कर्ष २०१२ साली छापून आले. वजन जास्त असलेली, बैठ्या सवयीची माणसं घेतली आणि तीन गट केले. पहिल्याने फक्त कार्डिओ करायचा, आठवड्याला साधारण १९ किलोमीटर. दुसऱ्याने आठवड्यातून तीन दिवस फक्त वजनं उचलायची. तिसऱ्याने दोन्ही करायचं. आठ महिन्यांनी काट्यावर उभं केलं, तर कार्डिओवाले सरासरी पावणेदोन किलोंनी उतरले होते आणि वजनंवाले आठशे ग्रॅमनी चढले होते! चढले ते स्नायूंमुळे. त्यांची चरबी मात्र जवळपास होती तिथेच राहिली. दोन्ही करणाऱ्यांची चरबी सर्वांत जास्त गेली, सुमारे २.४ किलो, पण त्यांनी वेळही जवळजवळ दुप्पट दिला होता, हे विसरू नका.

म्हणजे सामना नुसता काट्यावर लावला तर कार्डिओ जिंकतो. त्यात वादाला जागा नाही.

पण त्या आकड्यांकडे पुन्हा बघा. आठ महिने घाम गाळून पावणेदोन किलो. एवढ्यासाठी कुणी पहाटेचा गजर लावेल का? या माणसांनी जेवणखाण बदललं नव्हतं, त्याची ही किंमत. तुम्ही तासभर भरभर चाललात तर बसून राहण्यापेक्षा फार तर दोन-अडीचशे कॅलरी जास्त जाळता. स्टेशनबाहेरचा एक वडापाव त्याहून जड भरतो, वर चहा वेगळाच. त्यात शरीर हलकं झालं की तेवढ्याच चालण्याला कॅलरीही कमी लागतात, अंगाला फेरी सरावाची होते आणि नकळत ताटातली पोळी अर्ध्याने वाढते. तुमचा काटा अडला तो बहुतेक इथेच. यावर धावणं हा उपाय नाही असं नाही. तेवढ्याच वेळात जास्त खर्च होतो, हे मैत्रिणीचं बरोबर अर्धं. पण चौऱ्याहत्तर किलोचा भार घेऊन एकदम डांबरी रस्त्यावर धावायला लागलात तर वजनाआधी गुडघे बोलायला लागतील.

आता ट्रेनर मंडळींचं आवडतं वाक्य : "मसल वाढली की झोपेतसुद्धा फॅट जळते." हे मी इतक्या जिममध्ये इतक्या वेळा ऐकलंय की भिंतीवर रंगवून घ्यायला हरकत नाही. खोटं नाही, पण हिशेब करून बघा. एक किलो स्नायू स्वस्थ बसलेला असताना दिवसाला साधारण १३ कॅलरी खातो. एक किलो चरबी चार-साडेचार. तुम्ही वर्षभर मेहनत करून दोन किलो स्नायू कमावलेत, आणि तेवढे कमावणं ही मोठीच गोष्ट आहे, तर रोजचा जादा खर्च २६ कॅलरींचा. चहातली सव्वा चमचा साखर!

मग उचलायचं कशासाठी?

कारण वजन कमी होणं आणि चरबी कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण खाणं कमी करतो तेव्हा शरीर फक्त चरबीच्या डब्यात हात घालत नाही, स्नायूंच्याही घालतं. काट्याला त्यातलं काही कळत नाही; तो बेरीज सांगतो. याचा उत्तम दाखला २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. पासष्टीपुढची, लठ्ठ, अशी १६० माणसं होती. व्यायामाच्या तिन्ही गटांना आहारही बांधून दिला होता. सहा महिन्यांत तिन्ही गटांचं वजन सारखंच उतरलं, सुमारे ९ टक्के. काट्याच्या लेखी तिघेही बरोबरीत. पण चरबी सोडून उरणारा जो ऐवज, स्नायू वगैरे, तो कार्डिओवाल्यांचा ५ टक्के गेला, वजनंवाल्यांचा २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांचा ३ टक्के. उठणं, बसणं, जिने चढणं यांची जी चाचणी घेतली, तिच्यात दोन्ही करणारे २१ टक्क्यांनी सुधारले. एकेकच करणारे १४ टक्क्यांनी.

ही माणसं तुमच्यापेक्षा वयाने मोठी होती, हे मान्य. पण चाळिशीनंतर स्नायूंची गळती आपोआपच सुरू असते आणि पाळी जाण्याच्या सुमारास ती बायकांना जास्त भोवते. त्यात उपाशी राहून चालत सुटलं की ती आणखी वाढते. मग डाएट सुटतं, वजन परत येतं. येताना मात्र ते चरबी होऊन येतं, गेलेला स्नायू तसाच्या तसा परत येत नाही. पाच वर्षांत तीनदा "दहा किलो उतरवलेल्या" आणि दर वेळी आधीपेक्षा थकलेल्या बायका तुमच्याही ओळखीत असतील.

आपल्यासाठी यात एक जास्तीची अडचण आहे, आणि ती उजेडात आली ती पुण्यातूनच. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःच्याच शरीरांचा हिशेब छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. वजन-उंचीच्या तक्त्यात दोघेही सडसडीत. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये याज्ञिकांच्या गटाने आया आणि बाळं यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यात दिसलं की आपली बाळं जन्मतःच हलकी असतात, पण हलकेपणा असतो तो मुख्यतः स्नायूंचा आणि अवयवांचा. चरबी त्या मानाने राखलेली असते. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, हा जो आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीत दिसणारा नमुना आहे, त्याची सुरुवात पाळण्याच्याही आधीची आहे. मधुमेह आपल्याला तुलनेने कमी वजनावर गाठतो, त्यामागचं हे एक कारण. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सामावून घेणारं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू, आणि आपलं ते कोठार मुळात लहान. ज्याच्याकडे दागिना एकच, त्याने तो विकून कर्ज फेडू नये.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही चालता आहातच, ते सोडू नका. हृदयासाठी त्याला पर्याय नाही. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या बसवाल्यांवरचा अभ्यास छापला, तेव्हापासून हे माहीत आहे : दिवसभर बसलेल्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. पण तुमच्या तासातले आठवड्याचे दोन दिवस, जमल्यास तीन, उचलण्याला द्या. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं सांगणंही याच बेताचं आहे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताण.

उचलायचं काय? खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. भिंतीला टेकून दंड, मग ओट्याला टेकून, मग जमिनीवर. कमरेतून वाकून पाठ सरळ ठेवून जड वस्तू उचलणं. आणि काहीतरी स्वतःकडे ओढणं. या शेवटच्याकडे बायकांचं आणि सूर्यनमस्कारवाल्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी घरोघरी पोहोचवलेला सूर्यनमस्कार मला फार आवडतो, भरभर घातला तर दमही चांगला काढतो. पण त्यात हात जमिनीला ढकलतात, ओढत काही नाहीत. आपल्या आज्या विहिरीतून पाणी शेंदायच्या, त्यात हे ओढणं फुकट व्हायचं. आता रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवा किंवा डंबेल घ्या.

आणि डंबेल घ्याल तर कृपा करून ते गुलाबी एक किलोवालं नको. बाजारातून पाच किलोची भाजीची पिशवी एका हाताने तिसऱ्या मजल्यावर नेणारी बाई जिममध्ये एक किलो घेऊन आरशासमोर उभी राहते, हे मला कधी उमजलेलं नाही. दहा-बारा वेळा उचलल्यावर शेवटचे दोन जड वाटले पाहिजेत. जड वाटेनासे झाले की वजन वाढवायचं; सगळी विद्या एवढीच. उचलताना श्वास कोंडू नका. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खाण्याचं थोडक्यात : कमी करायचं ते तेल, साखर आणि दुसऱ्यांदा घेतलेला भात. प्रथिनं कमी करायची नाहीत, उलट वाढवायची. आपलं पातळ वरण म्हणजे डाळीची आठवण असते, घट्ट करा. मोडाची मटकी, अंडी, दही, मासे, जे घरात चालतं ते दोन्ही जेवणांत हवं. उपासाच्या साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य, तेव्हा तो खाऊन "आज डाएट केलं" म्हणू नका. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हे स्वतःच्या मनाने करायचं नाही.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे काटा कदाचित किलोभर वर जाईल. नव्याने राबलेले स्नायू पाणी धरून ठेवतात, त्याचा तो परिणाम. घाबरून सोडू नका. काटा महिन्यातून एकदा. दर पंधरवड्याला एक नाडी घ्या, बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती गुंडाळा आणि जिथे टोकं जुळतात तिथे गाठ मारा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या पुढे धोका धरतात, पुरुषांसाठी ९०. पण आकड्यापेक्षा पुढची गाठ मागच्या गाठीच्या अलीकडे पडते का, ते बघा.

आता यजमान. कोल्हापूरच्या तालमीतली पोरं वर्षानुवर्षं पहाटेपासून जोर-बैठका काढतात, थंडाई रिचवतात, तेव्हा कुठे पैलवान दिसायला लागतात. त्यांच्या अंगातलं पुरुषी संप्रेरक तुमच्या कितीतरी पट. आठवड्यातून दोनदा डंबेल उचलून पैलवानकी येत असती तर आखाडे ओस पडले असते. त्यांनाही सोबत घेऊन जा. त्यांची कंबर किती आहे, ते पत्रात नाही.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. रोज २०० क्रंचेस मारतो, तरी पोट जात नाही. संख्या वाढवू का? — एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : नको. क्रंचेसने पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यांच्यावरची चरबी त्यांच्या मालकीची नसते. शरीर ती सगळीकडून थोडी थोडी उचलतं, आणि कुठून आधी ते तुम्हाला विचारून ठरवत नाही. नळ तुमच्या घरचा उघडला तरी पातळी गावच्या टाकीची उतरते, तसं. दोनशेतले दीडशे सोडा. तो वेळ बैठका, दंड आणि मैदानातल्या बारला लटकून वर चढण्यात घाला, आणि आठवड्यातून तीन-चारदा दम लागेल असं धावा. रात्री रूमवर काय खाता ते लिहिलेलं नाही. ते कळवा, मग पुढचं बोलू.