व्यालेल्या गाईचे यकृत

गाय व्याल्यानंतर आजारी पडते, पण तिच्या यकृतावरचा भार विण्याआधीच्या तीन आठवड्यांत सुरू झालेला असतो. वासरू वाढते आणि गाईची भूक घटते. मग दूध एकदम सुरू होते. दुधातल्या साखरेसाठी लागणारे ग्लुकोज गाईला खाद्यातून थेट फारसे मिळत नाही. ते मुख्यतः कोठीपोटातल्या प्रोपिओनिक आम्लापासून यकृतालाच बनवावे लागते. खाणे कमी पडले की अंगावरची चरबी वितळते. तिच्यातून सुटलेली स्निग्धाम्ले यकृतात येतात, काही जळतात, काहींचे किटोन होतात, उरलेल्यांची पुन्हा चरबी बनते. ही चरबी बाहेर पाठवण्याची गाईच्या यकृताची ताकद फार तोकडी, म्हणून ती तिथेच साठते. पाठोपाठ गर्भाशयाचा दाह, कासदाह, चौथे पोट सरकणे येते.

सर्वांत मोठा धोका लठ्ठ गाईला. पाच गुणांच्या मापात विताना 3 ते 3.5 अंग पुरे. 4 च्या वरची गाय विण्याच्या तोंडावर चारा जास्तच टाकते. झाशीच्या बडा बाजारातील एका पेंडवाल्याच्या मध्यस्थीने प्रस्तुत लेखकाच्या घरी आलेल्या संकरित गाईच्या शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाद्या होत्या. त्या चरबीला पेंडवाला शेवटपर्यंत 'तब्येत' म्हणत राहिला. व्याल्यावर गाय बसली, तेव्हा डॉक्टरांनी दुग्धज्वर ठरवून कॅल्शियमच्या बाटल्या लावल्या. गाय उठली नाही. लघवी तपासा, ही विनंती त्यांनी हसून उडवली. अखेर दुसऱ्या डॉक्टरांनी रोथेराच्या भुकटीवर लघवीचे थेंब टाकले आणि भुकटी गडद जांभळी झाली. किटोनचा एवढा सरळ पुरावा काही मिनिटांत मिळत असताना मोलाचे दिवस वाया गेले. 1962 पासून भारतीय कुरण व चारा संशोधन संस्था ज्या शहरात आहे, तिथे भाकड गाईला कोरडा चारा भरपूर आणि खुराक मोजून, हे पेंडीच्या दुकानात ठाऊक नसावे, याची चीड येते.

लठ्ठ गाईला भाकड काळात उपाशी ठेवून बारीक करू नये. त्याने चरबी उलट यकृताकडेच धावते. अंग आटोक्यात आणायचे ते दूध चालू असताना, आटवण्याच्या आधी. खुराक विण्याच्या तीन आठवडे आधीपासून हळूहळू वाढवावा. व्यालेल्या गाईला तूप-तेल पाजू नये; त्याने कोठीपोटातले चाऱ्याचे पचन मंदावते. गुळाचाही उपयोग कमी, त्याचा मोठा भाग तिथेच आंबतो. रक्तातील किटोन लिटरला 1.2 मिलिमोल किंवा अधिक असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रोपिलीन ग्लायकॉल रोज 300 मिली, तीन ते पाच दिवस तोंडाने द्यावे. गाय बसलीच तर डेक्स्ट्रोज शिरेतून डॉक्टरांनीच द्यायचे. कोठीपोटात न विरघळणारे कोलीन यकृतातली चरबी बाहेर काढायला मदत करते. स्वच्छ पाणी आणि कोरडी जागा हवीच.

व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत गाईने खुराक टाकला की त्याच दिवशी लघवीची तपासणी मागावी. ती नाकारणाऱ्या डॉक्टरांना पुन्हा गोठ्यात बोलावू नये.