बाण दाबला, ए उमटला

बनारसला ब्रह्माघाटावर मावशीकडे मुक्काम, गल्लीत दुबळा मोबाइल सिग्नल आणि हॉटस्पॉटवरून लांबच्या सर्व्हरवर एसएसएच. विममध्ये टाइप करताना वरचा बाण दाबला, की कधी कर्सर वर जायचा, तर कधी मधेच नवी ओळ उघडून तिच्यात ए उमटायचा. डेटाबेसच्या प्रॉम्प्टवर बॅकस्पेसने खोडलं जायचं नाही, ^एच उमटायचं. शेलमध्ये मात्र तेच बॅकस्पेस गुणी बाळ!

अशा वेळी लगेच विमच्या सेटिंगला हात लावू नका. बटण नेमकं काय पाठवतंय ते आधी बघा. शेलमध्ये कंट्रोल-व्ही दाबून मग ते बटण दाबा, उत्तर समोर येतं. बाण हे एक अक्षर नसतंच. विममध्ये तो बहुधा एस्केप, ओ, ए अशा तीन बाइट्सचा असतो. लाइन अडखळली आणि एस्केप एकटाच आधी पोचला, तर विम टायपिंग थांबवतं, ओ म्हणजे वर नवी ओळ उघडतं आणि ए तिच्यात लिहितं. म्हणजे विमचं काहीच चुकलेलं नसतं. एस्केपनंतर थांबायची मुदत थोडी वाढवा. विम टीमक्सच्या आत चालवत असाल, तर दोन्हींत ती वेगवेगळी असते, आणि लोक हटकून टीमक्सची विसरतात.

बॅकस्पेसची भानगड जुनी आहे. काही टर्मिनल ८ पाठवतात, काही १२७. शेलला दोन्ही चालतात. साधा प्रोग्राम मात्र एसटीटीवायमध्ये जे लिहिलंय तेवढंच मानतो. 'एसटीटीवाय -ए' चालवून त्यातली इरेजची नोंद बघा आणि टर्मिनलशी जुळवून घ्या.

सर्व्हर दरवेळी आपल्या एकट्याचा नसतो. माझा भाचा आयआयटी-बीएचयूत आहे. तिथे २०१९ पासून 'परम शिवाय' हा महासंगणक आहे, आपल्या पुण्याच्या सी-डॅकच्या परम घराण्यातला. अशा सामायिक यंत्रावर सिस्टीमच्या फायली बदलायचा अधिकार आपल्याला नसतो. नव्या टर्मिनलचं नाव सर्व्हरला ठाऊक नसेल, तर बरेच जण 'टर्म' या व्हेरिएबलमध्ये एक्सटर्म ठोकून मोकळे होतात. टीमक्सच्या आत ते मुळीच करू नका, तिथे स्क्रीन किंवा टीमक्स याच नावांनी सुरू होणारी नोंद हवी. त्यापेक्षा इन्फोसीएमपीने आपल्या लॅपटॉपवरची त्या टर्मिनलची नोंद काढून तिकडे टिकने स्वतःच्या होम डिरेक्टरीत बसवा. परवानगी लागत नाही.

आणि स्क्रीन अचानक गोठली, तर कनेक्शन तोडायच्या आधी कंट्रोल-क्यू दाबून बघा. सेव्ह करायच्या सवयीने बहुधा कंट्रोल-एस दाबलं गेलेलं असतं.