इसाराची पावती आणि ईसीटी

तोरण्याच्या पायथ्याला गुंठ्याचे भाव चढल्यापासून वेल्ह्यात जमिनीचे दलाल कुठेही पोचतात, आजाऱ्याच्या खाटेपाशीसुद्धा. माझ्या मावसभावाच्या, दादांच्या घरी असंच झालं. पुण्याला ईसीटीचे, म्हणजे मेंदूला विजेचे झटके देण्याचे, उपचार घेऊन ते घरी आले आणि काही दिवसांत एकजण इसाराची पावती घेऊन दारात उभा राहिला. सही दादांचीच होती. पैसे कधी घेतले, बोलणी कुठे झाली, यातलं त्यांना काही आठवेना. गावकऱ्यांनी मध्यस्थी केली, इसार परत दिला आणि प्रकरण मिटलं.

दादा खोटं बोलत नव्हते. दवाखान्यात जाण्यापूर्वीचे काही आठवडे त्यांच्या आठवणीतून खरंच गळाले होते. आवणी तोंडावर आली तरी ते खाटेवरून उठत नव्हते, अन्नावरची वासना गेली होती, मरणाच्या गोष्टी करत होते. वहिनी त्यांना आंबाडखिंडीतून मांढरदेवला काळूबाईच्या पाया पडायलाही घेऊन गेल्या होत्या. दोन प्रकारच्या गोळ्यांनी फरक पडला नाही, तेव्हा डॉक्टरांनी ईसीटी सुचवली. गावात तिला ‘करंट देणं’ म्हणतात. हातपाय बांधलेला, किंचाळणारा माणूस हे तिचं चित्र सिनेमाने डोक्यात बसवलंय.

ते चित्र अगदीच खोटंही नव्हतं. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी हा उपचार सुरू केला तेव्हा भूल नव्हती. आपल्याकडेही भुलीशिवाय शॉक देण्याची पद्धत फार काळ टिकली. पुण्यातल्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी तिच्याविरुद्ध अनेक वर्षं आवाज उठवला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी करण्याला बंदी घातली. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीखेरीज या कायद्याखालच्या मंडळाची पूर्वपरवानगीही लागते. म्हणून भूलतज्ज्ञ कोण, हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असावा. नीट उत्तर मिळालं नाही, तर पिशवी उचलून निघावं.

प्रत्यक्षात घडतं ते फार थोडक्यात. माणूस झोपतो, डोक्याला लावलेल्या पट्ट्यांतून काही सेकंद विजेचे बारीक ठोके जातात आणि मेंदूत फिट येते. ती साधारण अर्धा-एक मिनिट टिकते. शरीर फारसं हलत नाही. काही ठिकाणी एका पायाला रक्तदाबाचा पट्टा आवळून सैल करणारं औषध तिथं पोचू देत नाहीत, म्हणजे फिट आली की नाही ते त्या पावलाच्या हालचालीवरून कळतं.

गुण येतो तो विजेपेक्षा या फिटमुळे, असं मानतात. फिट थांबवण्यासाठी मेंदू स्वतःचे ब्रेक दाबतो आणि दर खेपेला पुढची फिट आणणं थोडं अवघड होत जातं. २०१२ साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या संशोधकांनी नऊ रुग्णांचे स्कॅन तपासले. कपाळामागच्या डाव्या भागाचे इतर भागांशी असलेले धागे उपचारानंतर सैल झालेले दिसले. नऊ म्हणजे मूठभरच. पुढे मोठ्या पाहण्यांत हिप्पोकॅम्पस हा भाग आकाराने वाढलेला आढळला, पण ज्याचा तो जास्त वाढला तोच जास्त बरा झाला, असं काही दिसलं नाही. मेंदूच्या पेशी जळतात ही भीती मात्र या पाहण्यांतून खरी ठरत नाही.

हाच हिप्पोकॅम्पस नव्या आठवणी पक्क्या करतो. त्यामुळे अलीकडचं, अजून न मुरलेलं पुसलं जातं. लहानपण, शेतीची कामं, नातीगोती बहुधा शाबूत राहतात. नवं लक्षात ठेवण्याची क्षमता बहुतेकांत दोनेक आठवड्यांत परत येते. गेलेल्या आठवणी मात्र काहींच्या कायमच्या जातात, आणि हे संमतीचा कागद पुढे करताना स्पष्ट सांगायला हवं. दादांना कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही बाजूंऐवजी फक्त उजव्या बाजूने उपचार केले तर विसर कमी पडतो. तसं करता येईल का, हे विचारायचा हक्क आपला आहे.

तेव्हा उपचार ठरला की घरच्यांनी एक वही घालावी. कोणाला पैसे दिले, कोणाकडून घेतले, एटीएमचा नंबर कोणाला ठाऊक आहे, बँकेत काय आहे, सगळं त्यात लिहावं. उपचार चालू असताना आणि त्यानंतर महिनाभर तरी साठेखत, इसार, जामीनकी, कसलीच सही नको. ईसीटीच्या सकाळी दुधाचा चहाही चालत नाही. वेल्ह्याहून पहाटे निघालेल्या माणसाने चेलाडी फाट्यावर कपभर घेतला, तर भूलतज्ज्ञ त्या दिवशी परत पाठवतो. येताना मोटरसायकल दुसऱ्याने चालवायची.

सहसा सहा ते बारा खेपा होतात. मग माणूस हसू-बोलू लागतो, आणि खरा घोटाळा इथे होतो: गोळ्या बंद केल्या जातात. २००१ साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात ईसीटीने बरे झालेल्यांपैकी ज्यांना नुसत्या खोट्या गोळ्या दिल्या, त्यांच्यातल्या ८४ टक्क्यांना सहा महिन्यांत आजार उलटला. नॉरट्रिप्टिलीन आणि लिथियम दोन्ही घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. लिथियम चालू असेल तर रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करावी लागते. भोरला उपजिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात, हे आशाताईंकडून आधीच काढून ठेवावं. रात्री-अपरात्री घरातला माणूस पुन्हा मरणाचं बोलू लागला, तर त्याला एकटं सोडू नये आणि टेलिमानसच्या १४४१६ या नंबरावर फोन लावावा. तो फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.