राजाश्रय, लोकाश्रय आणि खंजिरी : तिवसा परिसराच्या संदर्भात कलावंत-मानधनाचा विचार

मराठी वाङ्मयेतिहासात ‘राजाश्रय’ आणि ‘लोकाश्रय’ हे शब्द जोडीने येतात आणि बहुधा परस्परविरोधी अर्थाने वापरले जातात. दरबारात वाढलेली ती पंडिती कविता आणि लोकांत वाढलेली ती संतकविता, ही विभागणी अध्यापनाच्या सोयीची आहे. परंतु लोकशाही राज्यात शासनाच्या तिजोरीतला पैसा लोकांचाच असल्यामुळे या दोन शब्दांमधील सीमारेषा पूर्वीइतकी स्पष्ट राहत नाही. अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुका या प्रश्नाच्या अभ्यासाला सोयीचा आहे. याच तालुक्यातील मोझरी येथे तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि वर्धेच्या काठचे कौंडण्यपूरही याच तालुक्यात येते.

गुरुकुंजाची उभारणी मुख्यतः भाविकांची वर्गणी आणि श्रमदान यांवर झाली. खंजिरीवरचे भजन हे तेथे केवळ उपासनेचे साधन नव्हते. व्यसनमुक्ती, ग्रामसफाई, अस्पृश्यतानिवारण यांचा विचार गावोगाव नेणारे ते माध्यम होते. १९५५ च्या सुमारास ग्रंथरूपाने आलेली ४१ अध्यायांची ‘ग्रामगीता’ही आधी या श्रोतृवर्गाच्या कानांत तयार झालेल्या भाषेवर उभी आहे. तालुक्यातील भजनी मंडळे आजही याच परंपरेतली. एक मुख्य गायक, खंजिरीवाला, पेटीवाला, टाळकरी आणि मागे धरणारे चार-सहा जण, असा हा सामूहिक आविष्कार असतो. त्याचा कर्ता एक नसतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची शासकीय योजना १९५४-५५ मध्ये सुरू झाली. वऱ्हाड त्या वेळी मुंबई राज्यात नव्हते. ते मध्यप्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे या योजनेची मूळ कल्पना घडली तेव्हा तिच्यापुढे वऱ्हाडचा गोंधळी, डहाकेकरी वा भजनी असण्याचे कारण नव्हते. १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथनिर्मितीला मोठे बळ दिले, नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदानही दिले. हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. मात्र त्याचा पायाच मुळी हस्तलिखित आणि पुस्तक हा आहे.

मानधन योजनेत दीर्घकाळ कलावंतांचे तीन वर्ग होते : राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक पातळीवरचे. २०२४ पूर्वीच्या दरांनुसार त्यांना अनुक्रमे ३१५०, २७०० आणि २२५० रुपये मासिक मिळत. रकमांतील फरक थोडा आहे. त्यामागील वाङ्मयीन निकष मात्र थोडा नाही. कलेची प्रत तिच्या भौगोलिक प्रसारावरून ठरते, असे हे वर्गीकरण गृहीत धरते. वऱ्हाडी बोलीत रचलेले पद तिवशाच्या पंचक्रोशीबाहेर जात नाही, कारण ते पंचक्रोशीसाठीच रचलेले असते. त्या पदाला ‘स्थानिक’ म्हणणे वर्णन म्हणून बरोबर आहे. श्रेणी म्हणून ते कसे समर्थनीय ठरावे? २०२४ मध्ये हे वर्ग मोडून सर्वांना सरसकट ५००० रुपये मासिक मानधन ठरले. प्रशासनाच्या दृष्टीने ही केवळ वाढ असेल. समीक्षेच्या दृष्टीने पाहता शासनाने सत्तर वर्षांनंतर एक मूल्यनिकष मागे घेतला, असे म्हणावे लागते.

दुसरी अडचण मात्र कायम आहे. मानधन व्यक्तीला मिळते आणि कलावंतपण कागदाने सिद्ध करावे लागते. कार्यक्रमपत्रिका, प्रमाणपत्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे हे पुरावे मुख्य गायकाजवळ असू शकतात. मागे धरणाऱ्याचे नाव पत्रिकेवर सहसा छापलेच जात नाही. चाळीस वर्षे खंजिरी वाजवून बोटांना घट्टे पडलेला मनुष्य अर्जाच्या रकान्यात कलावंत ठरतोच असे नाही. (घट्ट्यांचे साक्षांकन कोण करणार, हा प्रश्न वाटतो तितका विनोदी नाही.) कलावंताच्या निधनानंतर हयात पती वा पत्नीला मानधन देण्याची तरतूद योजनेत आहे, आणि ती योग्यच आहे. यातून घर हा घटक शासनाला मान्य आहे, असे दिसते. फड, मंडळ, मेळा हा घटक मात्र मानधनाच्या रचनेत बसत नाही. परिणामी मंडळातील एकाला मानधन आणि उरलेल्यांना नाही, अशी विषमता जेथे निर्माण होते तेथे सामूहिक कलेच्या अंतर्गत नात्यालाच बाधा पोहोचण्याचा संभव असतो.

मोझरी आणि कौंडण्यपूर यांच्या विकास आराखड्यांतून या तालुक्यात सार्वजनिक निधी आला, तो प्रामुख्याने वास्तू, रस्ते आणि यात्रेकरूंच्या सोयी यांसाठी. तो अनाठायी म्हणता येणार नाही; ११ ऑक्टोबर १९६८ रोजी तुकडोजी महाराजांचे निर्वाण झाले, आणि त्यांच्या पुण्यतिथीला गुरुकुंजात लोटणारा समुदाय पाहता सोयी हव्यातच. पण वास्तूचे मोजमाप होते, देयक निघते. पदाच्या चालीचे मोजमाप होत नाही. जिल्ह्यातीलच रिद्धपूर येथे शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले आहे. ज्या महानुभाव गद्याच्या स्मरणार्थ ते तेथे आले, ते गद्य भिक्षान्नावर जगणाऱ्या परिवाराने आठवणी सांगून, ऐकून आणि पडताळून सिद्ध केले होते. सांगणारा कोण आणि त्याने कोणाकडून ऐकले, याची नोंद त्या परंपरेने काळजीपूर्वक ठेवली. तिवसा तालुक्यातील भजनी मंडळांची अशी नोंद, मागे धरणाऱ्यांच्या नावांसह, पदांच्या चालींसह, गावागावांतून घेण्याचे काम या विद्यापीठाला आणि परिसरातील मराठी विभागांना हाती घेता येईल. मानधनाच्या अर्जाला पुरावा म्हणून जोडता येईल असा पहिला कागदही त्यातूनच तयार होईल.