कलमं शेवटून वाच

पोरी, एआय गव्हर्नन्सच्या क्षेत्रात भाषणं ठोकणारे ढिगानं भेटतील, कायदा मुळातून वाचलेले मोजके. तू मोजक्यांत राहा. कुणाची पीपीटी, कुणाचा लेख, आणि आता तर मशीननंच काढून दिलेला सारांश, असल्या उसन्या मालावर मत बनवायचं नाही. मूळ कागद काढायचा आणि शेवटून वाचायला घ्यायचा.

शेवटून का, ते आपल्या डेटा संरक्षण कायद्यातच बघ. २०२३ चा कायदा, एकूण ४४ कलमं. २५० कोटींपर्यंतचा दंड सगळ्यांना तोंडपाठ झाला. पण अगदी शेवटच्या, ४४व्या कलमात माहिती अधिकार कायद्याचं ८(१)(जे) बदललंय. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिली तर खाजगीपणावर नाहक घाला येतो असं म्हणावं लागे, आणि व्यापक जनहित असेल तर ती देता येई. आता माहिती वैयक्तिक आहे, एवढं म्हटलं की झालं. ८(२) शिल्लक आहे, त्यात जनहिताची वाट आहे, असं सरकारचं म्हणणं. तेही वाच आणि मग काय ते ठरव. केंद्राच्या आधी माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा करणाऱ्या राज्यातली तू. हे कलम तुला दुसऱ्या कुणाकडून कळावं हे काही बरं नव्हे.

कायद्यात ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ असं दिसलं की पेन्सिलीनं खूण करून ठेव. खरा ऐवज तिथून उचलून नियमांत नेलेला असतो. हाच कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्याच्याही पुढे १८ महिन्यांनी लागू. तेव्हा तारीख बघितल्याशिवाय ‘कायदा असं सांगतो’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. मार्च २०२४ आठव. १ तारखेला केंद्राच्या आयटी मंत्रालयानं कळवलं की चाचणी पुरी न झालेली मॉडेलं लोकांपुढे आणायची तर सरकारची परवानगी घ्या. गदारोळ झाला. १५ तारखेचा नवा कागद आला, त्यात परवानगीची अट गायब. पहिलाच कागद फायलीला लावून बसलेला सल्लागार कुणाच्या काय कामाचा?

आता जरा निवांत ऐकायची गोष्ट. धोरण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जागतिक परिषदा येतात. ब्लेचली झाली, सोल झाली, पॅरिस झाली. संधी मिळाली तर जरूर जा, ओळखी होतात. पण सरकारी कामात शिरणाऱ्या एआयला लगाम बसतो तो निविदेत. सरकारात जा की सरकारला माल विकणाऱ्या कंपनीत, निविदेचा मसुदा वाचता आलाच पाहिजे. त्यात ‘अचूकता ९९ टक्के’ असं लिहिलेलं असतं. विचार, कुठल्या डेटावर? एक लाख अर्जांत एक टक्का म्हणजे हजार माणसं. आणि ही हजार माणसं सगळीकडून सारखी येत नाहीत. आधारवर सासरचं आडनाव आणि जुन्या कागदावर माहेरचं, अशी बाई मशीनला दोन बायका वाटते. तिचा अर्ज अडकतो, ती तहसीलला खेटे घालते, आणि खिडकीपलीकडून उत्तर येतं, ‘सिस्टीमनं काढलंय, आमच्या हातात काही नाही.’ हे उत्तर देताच येणार नाही अशी अट मसुद्यात घालणं, हे तुझं काम. लाभ नाकारण्याआधी माणसानं अर्ज बघायचा, कारण लेखी द्यायचं, दाद कुणाकडे मागायची त्या अधिकाऱ्याचं पद आणि मुदत लिहायची, आणि कुठल्या अर्जाचं काय झालं याची नोंद ठेकेदाराकडे न राहता खात्याच्या ताब्यात राहायची. करार झाल्यावर यातलं काही घुसवता येत नाही. ठेकेदार बदल-शुल्काचं बिल पुढे करतो.

अशी मशीन बेलगाम सुटली की काय होतं ते बघ. नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या अनुदानात लबाडी पकडायला करखात्यानं जोखीम मोजणारी प्रणाली लावली, तिच्यात नागरिकत्व हाही एक निकष होता. हजारो पालकांवर लबाडीचा ठपका बसला, मोठाल्या रकमा परत मागितल्या गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये आख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. तिथला तपशील बसून वाच.

तू इंजिनीअर आहेस, तर खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी निकाल वाच. ऑगस्ट २०१७, नऊ न्यायाधीश, ५४७ पानं. घाबरू नकोस, आपल्या नागपूरच्या न्यायमूर्ती बोबडे यांच्या आटोपशीर मतापासून सुरुवात कर. याच निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला १९७६ चा निकाल चुकीचा ठरवला, आणि तो देणाऱ्या बहुमतात त्यांचे वडील होते. वकील सहकाऱ्यांना मात्र तू मॉडेलच्या चुका कशा मोजतात ते शिकव. त्यांना त्याची गरज तुझ्या अंदाजापेक्षा जास्त आहे.

पुण्यातून जर्मनीला नोकरभरतीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत काम मिळालं तर युरोपच्या एआय कायद्याचं तिसरं परिशिष्ट आधी उघड. जास्त जोखमीच्या कामांची यादी तिथे आहे, त्यात नोकरभरती आहे.

मसुद्यावर हरकती पाठवताना ‘आम्हाला चिंता वाटते’ असली पत्रं लिहू नकोस. कलमाचा क्रमांक, अडचण, आणि त्याजागी घालायचं तयार वाक्य. अधिकाऱ्याला वेळ नसतो, तयार वाक्य तो उचलतो. वरिष्ठांना टिपणी एका पानाची द्यायची, आणि पगार कोण देतं हे त्या पानावर लपवायचं नाही.

आणि रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात एक कर. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे, असं डेटा कायदाच सांगतो. तुझ्या कंपनीची मराठी सूचना मागव आणि तुझ्या आईला वाचायला दे. तिला कळली नाही, तर स्वतः बसून नव्यानं लिही.